खेळाडूंनी चालवलेल्या संकेतस्थळांची सूची: क्रम कोणी आणि कशावरून ठरवावा?

कातळवाट (प्रश्न)

‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा संगणकावरचा डावपेचांचा खेळ १९९९ साली बाजारात आला आणि पाव शतक उलटून गेल्यावरही तो जोमाने खेळला जातो, याचे मोठे श्रेय पदरमोड करून संकेतस्थळे चालवणाऱ्या खेळाडूंना आहे, असे मला मनापासून वाटते. कोणी नकाशे जपून ठेवले, तर कोणी बिल्ड ऑर्डर (कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे याच्या सूचना) इतक्या बारकाईने लिहून काढल्या की पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर आणि पुढचे चार लाकडावर लावायचे, हे नवख्यालाही वाचताक्षणी कळावे. आम्ही सात जण दिवाळीपासून अशा स्थळांची सूची जमवत आहोत आणि साठ-बासष्ट नोंदी झाल्या आहेत. आता अडचण क्रमाची आहे. वर कोणाला ठेवायचे, नवी नोंद कोणी मंजूर करायची, आणि आमच्यापैकी एकाचे स्वतःचेच नकाशांचे स्थळ आहे, त्याचे काय करायचे? वाचकांची मते घेऊन क्रम लावावा, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना समजावून सांगता येत नाही.

रानवारा

तुमची शंका रास्त आहे. माइनक्राफ्ट या खेळाचे सर्व्हर (खेळाडू जिथे एकत्र येऊन खेळतात ती ठिकाणे) मतांनुसार लावणाऱ्या याद्या पाहिल्यात, तर कारण लगेच सापडेल. तिथे वोटिफायर नावाचे प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम, वापरतात. यादीच्या पानावर मत पडले की ते सर्व्हरला कळवते, आणि सर्व्हर त्या खेळाडूच्या हाती खेळातलेच हिरे किंवा पेटीची किल्ली ठेवतो. बहुतेक ठिकाणी दिवसातून एकदा मत देता येते, त्यामुळे खेळाडू रोज न चुकता येतात आणि इतर सर्व्हर कसे आहेत याकडे न पाहताच आपल्याला मत देऊन जातात. मी स्वतः दोन वर्षे एक छोटा सर्व्हर चालवला आहे. बक्षीस सुरू केल्यावर आमची मते भराभर वाढली, पण खेळायला येणारी माणसे होती तेवढीच राहिली, आणि आमच्यापेक्षा कितीतरी चांगला पण बक्षीस न देणारा एक सर्व्हर यादीच्या पार तळाशी गेला. त्याचे मला आजही वाईट वाटते.

एकच सपाट यादी करूच नका. नकाशे, बिल्ड ऑर्डर, मॉड (खेळाडूंनी मूळ खेळात केलेले बदल), आकडेवारी असे विभाग पाडा आणि विभागातला क्रम पान उघडेल तेव्हा आपोआप बदलू द्या, म्हणजे वरच्या जागेसाठी झगडण्याचे कारणच उरणार नाही.

जुनीवही

क्रमाचा प्रश्न त्याने सुटेल, पण मंजुरीचा सुटणार नाही, आणि सूची खरी तिथेच बिघडते. १९९८ साली सुरू झालेली आणि पुढे डीमॉझ या नावाने ओळखली गेलेली ओपन डिरेक्टरी ही संकेतस्थळांची सूची स्वयंसेवकांनीच उभी केली होती. तीत सुमारे ३८ लाख स्थळे होती आणि ९० हजारांहून अधिक लोकांनी तिचे संपादन केले होते. तरीही पाठवलेली नोंद महिनोन्‌महिने पडून राहते, नकार मिळाला तर कारण कळत नाही, आणि संपादक प्रतिस्पर्ध्यांची स्थळे अडवून ठेवतात, अशा तक्रारी कधी थांबल्या नाहीत. त्या साऱ्या खऱ्या होत्या असे मी म्हणणार नाही. पण निर्णयामागचे कारण बंद दाराआड राहिले की खऱ्या-खोट्याची शहानिशा बाहेरच्या माणसाला करताच येत नाही. म्हणून प्रत्येक होकार-नकार एका ओळीच्या कारणासह उघड नोंदवा, आणि ज्याचे स्वतःचे स्थळ त्या विभागात आहे त्याने त्या विभागातल्या कोणत्याच नोंदीवर निर्णय देऊ नये.

डीमॉझची एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. तिचा सगळा मजकूर कोणालाही उतरवून घेता येत असे. मार्च २०१७ मध्ये ती बंद झाली, पण जुन्या संपादकांना ‘कर्ली’ या नावाने काम पुढे नेता आले. उद्या तुमच्या सात जणांचे बिनसले, तरी साठ नोंदींची मेहनत कोणा एकाच्या खात्यात अडकून पडू नये.

तळटीप

वरील सूचना मान्य आहेत, पण ‘खेळाडूंनी केलेले’ म्हणजे नेमके काय, हे आधी लिहून काढा. याच खेळाचा दाखला घ्या. २०१२ साली काही खेळाडूंनी ‘फरगॉटन एम्पायर्स’ हा मॉड प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी तो ‘द फरगॉटन’ या नावाने अधिकृत विस्तार म्हणून विक्रीला आला. खेळातली ‘इंडियन्स’ ही संस्कृती (खेळताना निवडायचा लोकसमूह) मुळात त्या खेळाडूंच्या हातची आहे. पुढे २०२२ मध्ये तिच्या जागी हिंदुस्तानी आले आणि बंगाली, द्रविड व गुर्जर या नव्या संस्कृती जोडल्या गेल्या. मग त्या मॉडचे पान तुमच्या सूचीत बसते की नाही? माझ्या मते बसते, कारण ते केले तेव्हा करणारे खेळाडूच होते. मात्र आज त्यामागे कंपनी असेल, तर नोंदीत तसे स्पष्ट लिहिले पाहिजे.

पडताळणीची एक सोपी खूण सांगतो. हे स्थळ मायक्रोसॉफ्टच्या खेळसाहित्य-वापराच्या नियमांखाली तयार केले असून कंपनीची त्याला मान्यता नाही व कंपनीशी त्याचा संबंधही नाही, अशी सूचना अनेक स्थळांच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. ती नसली म्हणून नोंद नाकारू नये, पण असेल तर तुमचा अर्धा शोध वाचतो.

कातळवाट

सर्वांचे मनापासून आभार. मतांचा बेत आम्ही सोडला आहे. विभागवार मांडणी, बदलता क्रम, कारणांची उघड नोंद आणि उतरवून घेता येईल अशी प्रत, हे चारही मुद्दे काल रात्री सातही जणांनी मान्य केले. नकाशांचे स्थळ चालवणाऱ्या आमच्या मित्राने त्या विभागातून आपणहून अंग काढून घेतले.

काल नोंदी तपासताना एक स्थळ उघडले तर जुगाराच्या जाहिराती समोर आल्या, कारण त्याचे डोमेन मुदत संपल्यावर दुसऱ्या कोणी घेतले आहे. ‘द कॉन्करर्स’ या खेळाच्या पहिल्या विस्ताराच्या काळातल्या अठराही संस्कृतींची माहिती तिथे इतक्या जिव्हाळ्याने लिहिलेली होती की ती नोंद काढून टाकणे जिवावर आले. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनवर त्याची जुनी प्रत मिळाली, म्हणून दुवा तिकडे वळवून ‘जुन्या आवृत्तीसाठी’ असा शेरा दिला आहे. मूळ लेखकाचा ई-मेल पत्ता त्या प्रतीत होता आणि त्यावर आज सकाळी पत्र पाठवले आहे. उत्तर आले की इथे कळवतो.