आयर्लंडची राष्ट्राध्यक्ष निवडणूक: पुढच्या पसंती लिहाव्यात का?

काका, सप्रेम नमस्कार.
आयरिश नागरिकत्व मिळाल्यामुळे राष्ट्राध्यक्षपदाच्या पुढच्या निवडणुकीत मला प्रथमच मत देता येईल. मतपत्रिकेवर एकाच नावापुढे १ लिहून थांबले तर चालते का? पुढचे आकडे लिहिल्याने माझ्या पहिल्या उमेदवाराचे बळ कमी तर होत नाही ना?

*

नमस्कार.
चालते, मत बाद होत नाही. पुढचे आकडे लिहिल्याने पहिल्या उमेदवाराचे नुकसानही होत नाही, कारण तो स्पर्धेतून बाहेर पडल्यावरच दुसरी पसंती पाहिली जाते. तरीही १९९०ची मतमोजणी पाहिलीस, तर एकावर थांबावेसे तुला वाटणार नाही.

त्या वर्षी पहिल्या फेरीत ब्रायन लेनिहन यांना ६,९४,४८४, मेरी रॉबिन्सन यांना ६,१२,२६५ आणि ऑस्टिन करी यांना २,६७,९०२ मते मिळाली. आपल्या लोकसभेच्या रीतीने लेनिहन तिथेच निवडून आले असते. इथे मात्र वैध मतांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणून करी यांच्या मतपत्रिका पुन्हा हाती घेऊन, प्रत्येकीवर २ हा आकडा कोणापुढे आहे ते पाहून, त्या उरलेल्या दोघांत वाटण्यात आल्या. त्यांतल्या २,०५,५६५ रॉबिन्सन यांच्याकडे गेल्या, लेनिहन यांच्या वाट्याला जेमतेम ३६,७८९ आल्या आणि आयर्लंडला पहिली महिला राष्ट्राध्यक्ष मिळाली. बाकीच्या २५,५४८ मतपत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती, त्यामुळे शेवटच्या लढतीत त्या मतदारांचा शब्द कुठेच उमटला नाही.

भारताच्या राष्ट्रपतींची निवडणूकही याच पद्धतीने होते आणि १९६९ साली व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मोजणीनंतरच निवडून आले. पण तिथे मतदार खासदार-आमदार असल्याने आपल्यापैकी बहुतेकांनी अशी मतपत्रिका कधी हाताळलेली नसते.

दर वेळी चुरस इतकी ताणली जात नाही. २०२५मध्ये कॅथरिन कॉनली यांना पहिल्याच फेरीत सुमारे ६३ टक्के मते पडली आणि दुसऱ्या पसंती पाहण्याची वेळच आली नाही. त्याच निवडणुकीत जिम गॅविन यांनी अर्ज भरण्याची मुदत संपल्यावर माघार घेतली, तरी त्यांचे नाव मतपत्रिकेवर कायम राहिले आणि त्यांना लाखभर मतेही पडली! अशा मतदारांसाठी तर दुसरा आकडा हाच खरा आधार असतो.

तुझ्या बाबतीत अधिक निकडीचे काम वेगळेच आहे. भारतीय नागरिक म्हणून तुझे नाव मतदारयादीत असेल, तर ते फक्त स्थानिक निवडणुकांपुरते आहे. नागरिकत्वातला बदल यादीत नोंदवून घे, आणि तो मतदानाच्या बऱ्याच आधी घे.