जीव वाचवला म्हणून मूल त्यांचं झालं का?

रानवाट
जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये कितीतरी शेतकऱ्यांनी, खाणकामगारांनी, शाळामास्तरांनी ज्यू मुलं घरात लपवली. १९४३ साली लपलेला ज्यू पकडून देणाऱ्याला माणशी साडेसात गिल्डर मिळत. अशा दिवसांत परक्याचं पोर आपलं म्हणून वाढवणाऱ्यांपुढे मी हात जोडतो. माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे.

ऑगस्ट १९४५ मध्ये सरकारने या मुलांसाठी आयोग नेमला. परत आलेल्या आईवडिलांनी महिन्याभरात नोंद केली नाही, तर पालकत्व आयोगाकडे. आयोगात ज्यू सदस्य अल्पसंख्य. अध्यक्ष गेसिना फान डेर मोलेन स्वतः प्रतिकार चळवळीतल्या, श्रद्धाळू ख्रिस्ती. काही ठिकाणी काका, मावशी मागत असतानाही मुलं सांभाळणाऱ्यांकडेच राहिली. मला हे साफ चूक वाटतं. मूल लपवायला दिलं होतं, देऊन टाकलं नव्हतं.

मुक्ता_स
त्या पोराच्या जागी उभे राहून बघा ना. दीड वर्षाचं असताना आलं, युद्ध संपलं तेव्हा साडेतीन-चार वर्षांचं. जन्मदात्रीचा चेहरा आठवत नाही, शेतावरच्या बाईला आई म्हणतं. एकदा आई सुटलेल्या लेकराला परत तिच्यापासून तोडायचं? कधी न पाहिलेला काका त्याच्यासाठी परकाच. रक्ताचं नातं मोठ्यांना कळतं, चार वर्षांच्या मुलाला कुशी कळते.

रानवाट
@मुक्ता_स, ती जन्मदात्री कशी दुरावली तेही बघा. ॲमस्टरडॅममध्ये छावण्यांकडे पाठवण्याआधी ज्यूंना एका नाट्यगृहात डांबत आणि लहान मुलांना समोरच्या पाळणाघरात ठेवत. तिथल्या संचालिका हेन्रिएट पिमेंटेल आईबापांना विचारत, मूल द्याल का? हो म्हटलं की नाट्यगृहाचा कारभार पाहणारे वाल्टर झ्युस्किंड, तेही ज्यूच, नोंदवहीतून नाव गायब करायचे. दोन्ही इमारतींच्या मधून ट्राम जाई. ती आडवी आली की पहारेकऱ्याला पाळणाघराचं दार दिसेनासं होई, तेवढ्यात मूल बाहेर. तान्ह्याची आई पुढे गाडीत चढताना दुपट्यात बाहुली गुंडाळून छातीशी धरायची, मोजदाद चुकू नये म्हणून. सुमारे सहाशे मुलं अशी निघाली. त्या आईने ज्या भरवशावर मूल परक्या हाती दिलं, त्या भरवशाला काही किंमत आहे की नाही?

अवधूत
रानवाट यांच्याशी सहमत. एक मुद्दा राहिला. देशातल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी लाखाहून जास्त मारले गेले. उरलेल्या समाजाला एकेक मूल म्हणजे काय होतं? आणि फ्रान्समधलं फिनाली प्रकरण आठवा. फिनाली या दोन ज्यू भावांचे आईवडील १९४४ मध्ये पकडले गेले, आत्या १९४५ पासून दोन्ही भाच्यांना मागत होती. सांभाळणाऱ्या बाईंनी १९४८ मध्ये त्यांना बाप्तिस्मा दिला. कोर्टाने मुलं द्या म्हटल्यावर १९५३ मध्ये पाद्र्यांच्या मदतीने त्यांना स्पेनमध्ये नेऊन लपवलं! याला माया म्हणायचं?

मुक्ता_स
बाप्तिस्म्याचं समर्थन मी कधीच करणार नाही, ती जबरदस्तीच. पण एका हट्टी बाईवरून सगळ्या घरांना मोजू नका. कित्येकांनी मूल स्वतःहून नातेवाइकांच्या हवाली केलं. आणि समाजाची संख्या भरून काढायची जबाबदारी चार वर्षांच्या पोरावर टाकणं मला तरी पटत नाही, समाजाचं दुःख कितीही खरं असलं तरी.

रानवाट
संख्येचा मुद्दा मी सोडतो, तो अवधूत यांचा. पण तुम्ही ‘इथे किंवा तिथे’ असंच धरून चालला आहात. मूल काकाकडे जाईल, सुट्टीत शेतावर येईल, दोन्ही घरं त्याचीच, अशी वाट काढता आली असती. नावगाव, आईवडील कोण होते, हे त्याला पहिल्यापासून सांगता आलं असतं. आयोगाने आधी तेवढं तरी सक्तीचं करायला हवं होतं.

मुक्ता_स
सांगायलाच हवं होतं, यात दुमत नाही. दोन घरांचं मात्र प्रत्येक मुलागणिक ठरवावं लागलं असतं. काका पॅलेस्टाईनला निघाला असेल तर सुट्टीत शेतावर कसं येणार?