आईच्या पायांना बधिरपणा : कुणाला दाखवावं?

निशिगंध
आई 74 वर्षांची, सांगलीला एकटी असते. बारा वर्षं मधुमेह, मेटफॉर्मिन चालू, पक्की शाकाहारी. "पायांना मुंग्या येतात" असं वर्षभर म्हणत होती, आम्ही वयावर ढकललं. गेल्या महिन्यात देवळातून घरी आली तर एका पायात चप्पलच नाही! कधी निसटली ते कळलंच नाही म्हणे. शेजारच्या काकूंनी रोज कढत मिठाच्या पाण्यात पाय बुडवायला सांगितलंय, आईला ते फार आवडलंय. हाडांच्या डॉक्टरांकडे न्यावं का आणखी कुणाकडे?

घाटमाथा
ते पाणी आजच बंद करा, डॉक्टरांचं नंतर बघू. आमच्या नानांची टाच शेकायच्या पिशवीने भाजली. त्यांना काहीच कळलं नाही, सकाळी चादर ओली दिसली तेव्हा आईने फोड पाहिला. जखम भरायला अडीच महिने लागले. धुवायला कोमट पाणी घ्यायचं तरी आधी कोपर बुडवून बघायचं, पाय नाही.

पिंपळपान
बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या द्या, सगळ्यांना लागू पडतात.

खलबत्ता
पिंपळपान, रक्त तपासायच्या आधी नको. गोळ्या घेतल्या की बी12चा आकडा वर दिसतो आणि मूळ कमतरता झाकली जाते. शिवाय बी6 जास्त मात्रेत महिनोन् महिने घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात.

निशिगंध, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी तुमच्या नेहमीच्या फिजिशियनकडेच न्या. आईंना दोन्ही पायांत, बोटांपासून सुरू होऊन मोजा घातल्यासारखं वर सरकत आलंय का, ते विचारा. तसं असेल तर साखरेचा संशय पहिला. पण मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी12 कमी होऊ शकतं आणि शाकाहारात ते मुळातच कमी मिळतं, त्यामुळे दोन्ही एकदम असू शकतं. म्हणून एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), बी12, थायरॉइड या रक्ततपासण्या सांगतीलच. तळव्याला 10 ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवून एक तपासणी करतात, दुखत नाही, ती आवर्जून मागा.

चालताना पाय जड पडतात आणि वाकून उभं राहिलं की बरं वाटतं, असं असेल तर कमरेचा मणका बघावा लागतो. रात्री हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर, करंगळी ठीक, तर मनगटातली नस दबलेली असते. कातडीवर फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा दिसला तर लाजू नका, कुष्ठरोगाची तपासणी करा. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि आजार बरा होतो.

एकाएकी एका बाजूचा हात-पाय बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात असू शकतो, थांबायचं नाही, लगेच दवाखाना. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे काकूंनाही सांगून ठेवा, आई एकटी असते म्हणून. जांघेत बधिरपणा येऊन लघवी अडली किंवा आवरली नाही, तरी तेवढीच घाई.

घाटमाथा
आणि रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा. पाय कुठे पडतोय ते कळत नाही, अंधारात तोल जातो.

निशिगंध
तीन आठवड्यांनी लिहितेय. बी12 आलं 143, म्हणजे कमी, साखरही वाढलेली. इंजेक्शनं सुरू झालीत, मेटफॉर्मिन चालूच ठेवलंय. फरक पडायला महिने लागतील म्हणाले. आरशात तळवे बघायची सवय लागलीय तिला, परवा टाचेत रुतलेली टाचणी सापडली! डॉक्टरांनी एमसीआरच्या (मऊ रबराच्या) चपला सांगितल्यात, मागे पट्टा असलेल्या. मी पुण्याहून घेऊन जाऊ का?

खलबत्ता
तुमच्या अंदाजाने नको. तिथेच, संध्याकाळी माप घ्या. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळच्या मापाची चप्पल मग चावते.