प्रभाग समिती कुणाची? (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

सी-२०३: ड्रेनेजची तक्रार चौथ्यांदा केली. नगरसेवक म्हणतात क्षेत्रीय कार्यालयात जा. कार्यालय म्हणतं, विषय समितीपुढे येईल. कुठली समिती, काका?

ए-५०१: प्रभाग समिती, ताई. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेली, १ जून १९९३ पासून लागू. कलम २४३ एस प्रमाणे तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात ती हवीच. पाणी, ड्रेनेज, साफसफाईच्या तक्रारी लवकर सोडवणं हे तिचं कायद्यातलंच काम आहे. गेल्या बैठकीला मी दाराबाहेर बसून होतो. चार प्रभाग, सोळा नगरसेवक, एक दुपार. आपला विषय पुकारला गेला आणि ‘पुढील बैठकीत’ म्हणून मिटला. दोन मिनिटंही लागली नाहीत. फार वाईट वाटलं.

बी-१०४: समित्या वाढल्या की फायली वाढतात. निवडणुका रखडल्या आणि सरकारने नेमलेले प्रशासक होते तेव्हा निदान एकाच माणसाकडे जावं लागायचं.

ए-५०१: आणि त्याने नाही म्हटलं की पुढे? २०२२ नंतर किती महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती होत्या. ना स्थायी समिती, ना प्रभाग समिती. बजेटवर प्रश्न विचारणारं सभागृहच नव्हतं. मला समित्या जास्त नकोत, जवळ हव्यात. संविधानात ‘एक किंवा अधिक प्रभागांची’ समिती असं आहे, म्हणजे एका प्रभागाची समिती चालते. आपल्या प्रभागात चार नगरसेवक निवडून येतात. ते चौघे, तीन नागरिक आणि एक अधिकारी. आठ माणसांत ड्रेनेजवर अर्धा तास बोलता येतं. समित्यांची संख्या राज्याच्या कायद्यात ठरते, त्यामुळे बदल विधिमंडळालाच करावा लागेल. मागणी मात्र आपण करायची, सगळ्यांच्या सह्यांचं पत्र देऊन.

सी-२०३: तीन नागरिक कुठून आणायचे?

ए-५०१: ती तरतूद आजही आहे! महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, कलम २९ अ. त्या भागात समाजकार्य करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांमधून तीनपर्यंत सदस्य घेता येतात, फक्त ते तिथले मतदार हवेत. नेमतात मात्र नगरसेवकच. आपल्याकडे पक्षाचेच कार्यकर्ते बसले आहेत. खरी दुरुस्ती इथे हवी: अर्ज जाहीरपणे मागवा, नावं आधी फलकावर लावा, मग नेमा.

डी-३०२: स्थायी समितीचंही तसंच ना? सोळा जण, पक्षाच्या संख्याबळावर.

ए-५०१: हो, दरवर्षी निम्मे निवृत्त होतात. पण तिथे शहराचे ठेके ठरतात. आपलं गटार प्रभागातच सुटणार.

बी-१०४: काका, आठ जणांच्या समितीला पैसे नसतील तर ती नुसती बोलत बसेल.

ए-५०१: हे मान्य. प्रभागाच्या खर्चाच्या अंदाजावर समिती शिफारस करते, पण शिफारस डावलली तर कारण लेखी द्यायचं बंधन हवं. पुण्यात २००६ पासून नागरिक बजेटसाठी कामं सुचवतात. सुचवलेल्या कामाचं पुढे काय झालं, हे सुचवणाऱ्याला कळायलाच हवं. हा मुद्दा पत्रात घेतो. चांगला सांगितलात.

सी-२०३: बैठकीची विषयपत्रिका आठवडाभर आधी मिळावी, हेही लिहा. मी नोकरीतून रजा काढून येईन, पण तारीख तर कळू दे.

बी-१०४: माझी सही धरा. शेजारच्या दोन सोसायट्यांच्या सचिवांशी मी बोलतो.

ए-५०१: मसुदा रात्री टाकतो. ताई, चारही तक्रारींचे क्रमांक आणि तारखा पाठवा. त्या सगळ्यात वर जातील.