मदत हवी आहे: बोल्ट खोल नेला की एक्सेल शीटमध्ये ताकद घटते

नमस्कार मंडळी. शेडच्या कॉलमखाली ४५० × ४५० मिमीचं पेडेस्टल (काँक्रीटचा आखूड खांब), एम२५ काँक्रीट. एम२४ चे (२४ मिमी व्यासाचे) ४ बोल्ट, आपसातलं अंतर २५०, कडेपासून १००, खोली ४०० मिमी. वाऱ्याने उचल १४० किलोन्यूटन.

एसीआय ३१८-१९ (अमेरिकन काँक्रीट संहिता) च्या १७ व्या प्रकरणावरून एक्सेल शीट केली. एम२५ मधली २५ ही क्यूबवर (घनाकृती नमुन्यावर) मोजलेली ताकद; ती तशीच न घेता सिलिंडरच्या नमुन्याची २० न्यूटन प्रति चौ. मिमी घातली. काँक्रीटचा शंकू (ओढलेल्या बोल्टांबरोबर निघणारा तुकडा) उखडण्याची ताकद आली जेमतेम ३८ किलोन्यूटन, खोली वाढवली तर आणखी कमी! मग कळलं, चारही कडा दीडपट खोलीच्या आत असल्याने हिशेबात खोली बोल्टांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, म्हणजे ८३ मिमी धरायची. आता १०३ येतात, तेही फाय (ताकद कमी धरण्याचा सुरक्षा गुणक) लावण्याआधी. तरी अपुरेच.

म्हणून उचल पेडेस्टलच्या १६ मिमीच्या ८ उभ्या सळ्यांवर द्यायची आहे. आठही धराव्यात की फक्त बोल्टजवळच्या? आणि शंकूच्या वर सळीची डेव्हलपमेंट लेंग्थ (पूर्ण ताण घेण्यासाठी काँक्रीटमध्ये लागणारी लांबी) पुरत नसेल, तर सळीतला ताण त्या प्रमाणात कमी करून चालेल का? कुणी हे शीटमध्ये बसवलं असेल तर कृपया सांगा, पुढच्या आठवड्यात काँक्रीट पडणार आहे.