एमआरआय तापमान मोजत नाही, फरक मोजतो
‘एमआरआयवर आतलं तापमान थेट वाचता येतं, त्यामुळे भाजण्याची भीतीच नाही,’ असं वर फायब्रॉइडच्या (गर्भाशयातल्या गाठींच्या) फोकस्ड अल्ट्रासाउंड उपचाराच्या चर्चेत आलंय. या उपचारात बाहेरून सोडलेल्या ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून गाठ तापवून नष्ट करतात आणि एमआरआयवर तापमानाकडे लक्ष ठेवतात. भीती खूप कमी होते हे खरं, पण ‘थेट’ या शब्दाशी मी सहमत नाही. पेशी तापल्या की पाण्याच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध सैल होतात आणि त्यांच्यातल्या प्रोटॉनची (हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची) वारंवारता, म्हणजे ज्या वारंवारतेवर एमआरआय त्यांचा संकेत टिपतो ती, किंचित उतरते. ३ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं एकक) यंत्रात एका अंश सेल्सिअसमागे जेमतेम १.३ हर्ट्झ, तेही सुमारे १२.८ कोटी हर्ट्झमधून! तापवण्याआधीच्या प्रतिमेशी तुलना करून हा फरक आणि त्यावरून तापमानातली वाढ काढतात. मधे अवयव हलला की हिशेब बिघडतो. आमच्याकडे जेलच्या नमुन्यावर चाचणी चालू असताना टेबलाला नुसता धक्का लागला, तर स्क्रीनवर गार जेलमध्ये लालभडक डाग उमटला. कंपवातासाठी मेंदूवर उपचार करताना डोकं चौकटीत पक्कं बसवतात त्याचं हेही एक कारण.

आणि इथे कुणीच न मांडलेला मुद्दा चरबीचा. चरबीतल्या प्रोटॉनना असे बंध नसतात, त्यामुळे ती तापली तरी या पद्धतीच्या तापमान-नकाशावर ते नीट दिसत नाही. फायब्रॉइडच्या उपचारात तर लहरी पोटाच्या चरबीतूनच आत जातात. म्हणून दोन माऱ्यांमध्ये थंड व्हायला वेळ देतात आणि रुग्णाच्या हातात थांबवायचं बटण असतं. कातडीला चटका जाणवला तर ते लगेच दाबा, ‘डॉक्टरांना स्क्रीनवर दिसतंच असेल’ म्हणून सोसत बसू नका.