टकळीवर सूत सारखं तुटतंय, लोकर नकोय, मग काय वापरू?

सई_ठाणे: नमस्कार मंडळी, लोकर-रेशीम वापरायचं नाही असं ठरवलंय म्हणून कापसावरच कातायला शिकतेय. पितळी चकतीची टकळी (हाताने फिरवून सूत कातायची काडी) आणली, मेडिकलमधून कापसाचा रोल घेतला, व्हिडिओ बघत चार दिवस बसले पण वीतभर धागा निघाला की तुटतो आणि टकळी धाडकन फरशीवर. कोणी म्हणतं बांबू घे, घेऊ का?

वऱ्हाडी_माणूस: ताई, मेडिकलचा कापूस जखमेसाठी, त्यातला नैसर्गिक मेणचटपणा काढून टाकलेला असतो आणि तंतूही आखूड, त्याचं सूत नवीन हाताला जमत नाही. खादीवाल्यांकडून पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या कातायला तयार वळ्या, आणा. आणि ते व्हिडिओ लोकरीचे असतील. लोकरीचा तंतू तीन-चार इंच सहज असतो, कापसाचा जेमतेम इंचभर, म्हणून पीळ नसताना ओढलं की सुटणारच.

कताईचा_तास: आम्हाला शाळेत टकळी होती. ती लटकवू नकोस बाळ, वाटीत टेकवून फिरव म्हणजे धाग्यावर वजन येत नाही. उजव्या हाताने गरकन फिरवायची, डाव्या हातात पेळू अगदी हलका, आणि पीळ पेळूच्या तोंडाशी चढताना दिसला की हात सावकाश मागे घ्यायचा. मूठ आवळलीस की संपलं. मधे जाड गाठ राहिली तर तेवढ्या जागेचा पीळ थोडा उलगडून ओढ, बारीक होते. घरी कोणी वाती वळत असेल तर त्यांची बोटं बघ, कापूस किती अलगद सोडतात.

पुणेरी_चरखा: बांबूचं म्हणाल तर बाजारात मिळतो तो बहुतेक व्हिस्कोसच (लगदा रसायनात विरघळवून काढलेला तंतू), तंतू लांब असतात पण गुळगुळीत, बोटांतून सटकतात. माझं मत, आधी कापसावर हात बसू दे, मग बाकीचं.

सई_ठाणे: काका, पेळू मिळाले!! वाटी घेतली आणि काल हातभर लांब धागा न तुटता निघाला, मी आईला हाक मारून दाखवला. पण टकळीवरून काढला की स्वतःभोवतीच गुंडाळतोय?

कताईचा_तास: छान गं! पीळ जिवंत आहे अजून, म्हणजे बसलेला नाही. लटी (सुताचं मोठं वेटोळं) करून चार ठिकाणी सैल बांध, अर्धा तास पाण्यात उकळ, कच्च्या कापसाचं पाणी चहासारखं होतं, घाबरू नकोस. मग ताणून वाळव.